मधल्या घराचें उत्पन्न

ठाण्याहून निघालेली आगगाडी तुर्भ्याच्या स्थानकांत येऊन थांबली म्हणजे उतारूच्या दोन बाजूंस दोन निराळीं जगें दिसूं लागतात. पश्चिमेस कृषि उत्पन्न बाजार समितीचीं गुदामें, मालमोटारींच्या रांगा, आणि कांदा, बटाटा, मसाले, धान्य व फळें यांचा अहोरात्र चालणारा व्यापार. पूर्वेस ठाणें-बेलापूर रस्ता, औद्योगिक वसाहतींतील कारखाने, तुर्भें स्टोअर्सची दाट वस्ती आणि तिच्या पाठीशीं पारसिकची डोंगररांग. या पसाऱ्यांत मूळचें आगरी-कोळ्यांचें गांव आहे, सिडकोनें आंखलेले सेक्टर आहेत, उंच इमारती आहेत आणि पत्र्याच्या खोल्याही आहेत. अशा या तुर्भ्यांतील कुटुंब महिन्याला किती मिळवितें, आणि वीस वर्षांपूर्वीं मिळवीत होतें त्याहून आज त्याची स्थिति बरी आहे काय, असा साधा प्रश्न कोणीं विचारला तर त्याचें उत्तर कसें शोधावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीसाठीं महाराष्ट्रांत शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरविण्यांत आली. म्हणजे महिन्याला पांच हजारांच्याही आंत. फीमाफी, शिष्यवृत्ति, सरकारी योजनेंतील घर, या प्रत्येकाच्या दारावर अशीच एक रेघ ओढलेली असते. ती रेघ वस्तींतील किती घरांच्या वरून जाते व किती घरांच्या खालून जाते, हें ठाऊक असल्याशिवाय ती योग्य कीं अयोग्य हें कोण सांगणार?

आतां पहिली अडचण शब्दाची. ‘तुर्भ्यांतील कुटुंबाचें उत्पन्न’ म्हणजे कोणत्या कुटुंबाचें? सामान्यतः आपण सरासरी काढतों. श्रोत्यांनीं क्षणभर अकरा घरांची एक आळी डोळ्यांपुढें आणावी. हे आंकडे मीं केवळ उदाहरणासाठीं कल्पिले आहेत. चढत्या क्रमानें त्या घरांचें मासिक उत्पन्न हजारांत असें आहे : ८, ११, १२, १४, १६, १८, २१, २४, ३०, ४६ आणि शेवटच्या घाऊक व्यापाऱ्याचें २४०. यांची बेरीज ४४० हजार व सरासरी बरोबर ४० हजार. पण अकरांपैकीं नऊ घरें या सरासरीच्या खालीं आहेत! पुढच्या वर्षीं त्या व्यापाऱ्याचें उत्पन्न ४६० हजार झालें तर सरासरी ६० हजारांवर जाईल. आळी दीडपट श्रीमंत झाली असें अहवालांत छापून येईल आणि दहा घरांच्या चुलीवरचें भांडें मात्र होतें तेवढेंच राहील.

म्हणून संख्याशास्त्र दुसरी वाट दाखवितें. सर्व घरें उत्पन्नाच्या क्रमानें एका रांगेंत उभीं करावीं आणि अगदीं मधल्या घराच्या दारावर थाप मारावी. आपल्या आळींत तें सहावें घर, उत्पन्न १८ हजार. अर्धीं घरें त्याच्या खालीं, अर्धीं वर. या मधल्या घराच्या उत्पन्नास मध्यक म्हणतात. व्यापाऱ्याचें उत्पन्न दुप्पट होवो कीं चौपट, मध्यक जागचा हलत नाहीं. त्याचा आणखी एक गुण असा कीं, व्यापाऱ्यानें आपलें उत्पन्न निम्मेंच सांगितलें तरी बिघडत नाहीं. तें घर मधल्या घराच्या वर आहे एवढें कळलें कीं पुरे. श्रीमंताच्या लपवाछपवीनें सरासरी फसते; मध्यक सहसा फसत नाहीं.

दुसरी अडचण ‘कुटुंब’ व ‘उत्पन्न’ या शब्दांचीच आहे, आणि तुर्भ्यासारख्या ठिकाणीं ती फार मोठी आहे. एका स्वयंपाकावर जेवणारीं व सामान्यतः एकत्र राहणारीं माणसें तें एक कुटुंब, ही आपल्या पाहण्यांतील रूढ व्याख्या होय. परंतु बाजारांत ओझें वाहणारे सहा गडी एका खोलींत राहतात, खाणावळींत जेवतात आणि पैसे सातारच्या किंवा उत्तर प्रदेशांतील गांवीं धाडतात. त्यांचें कुटुंब कोठें मोजावें? येथें कीं गांवीं? मुंबईच्या कामगार कचेरीनें फिंडले शिरस यांच्या देखरेखीखालीं १९२१-२२ मध्यें गिरणगांवांतील कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हां हाच प्रश्न पुढें आला होता, व एकट्यानें राहणाऱ्या कामगारांचे हिशेब निराळे ठेवावे लागले. शंभर वर्षांनंतर तुर्भ्यांतही तेंच करणें शहाणपणाचें आहे. एकेकट्यांच्या खोल्या आणि नांदतीं घरें एकाच रांगेंत उभीं केलीं तर मधलें घर कोणाचेंच प्रातिनिधिक राहणार नाहीं.

उत्पन्नाचेंही तसेंच. कारखान्यांतील कायम नोकराचा पगार सांगतां येतो. कंत्राटी कामगाराचा महिना कामाच्या दिवसांवर अवलंबून. माथाडी कामगाराची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्यामुळें मंडळामार्फत जमा होते, पण ती टोळीच्या कामाप्रमाणें कमीअधिक होते. कोंकणचा हापूस बाजारांत उतरूं लागला म्हणजे चैत्र-वैशाखांत फळबाजारांतील हातांना उसंत नसते. आषाढांत तेच हात कामाची वाट पाहतात. यास्तव ‘गेल्या महिन्यांत किती मिळालें’ एवढेंच विचारणें पुरेसें नाहीं. वर्षाचा हंगामवार हिशेब घ्यावा लागतो. घरकाम करणाऱ्या बाईची कमाई पुष्कळदां घरचा पुरुष सांगतच नाहीं. तिला स्वतंत्रपणें विचारावें लागतें.

मूळच्या गांवकऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगणाऱ्या घरांच्या हातीं एकरकमी मोबदला आला. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या आंदोलनांत पांच जणांचा बळी गेला, आणि पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आतां मोबदल्याची रक्कम हें उत्पन्न नव्हे. जमीन या रूपांत असलेलें धन पैशाच्या रूपांत आलें इतकेंच. ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नांत धरली तर जमीन गमावलेलें घर कागदावर एकाएकीं श्रीमंत दिसेल आणि पुढच्या वर्षीं एकाएकीं दरिद्री. याच्या उलट, त्याच घरानें चार खोल्या बांधून भाड्यानें दिल्या असतील तर तें भाडें मात्र खरें उत्पन्न होय, आणि तेंच बहुधा सांगावयाचें राहून जातें.

या कामाची आपल्याकडे परंपरा आहे. दादाभाई नवरोजींनीं गेल्याच्या आदल्या शतकांत हिंदी मनुष्याचें वार्षिक उत्पन्न सरासरी २० रुपये पडतें असा हिशेब मांडला व तो साऱ्या राष्ट्राच्या वादाचा पाया झाला. पण ती सबंध देशाची सरासरी होती. एका ठिकाणाचीं घरें घेऊन कांहीं वर्षांनीं पुन्हां त्याच ठिकाणीं जावें, हा खरा स्थानिक अभ्यासाचा मार्ग पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें चोखाळला. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं १९३६-३७ मध्यें पुणें शहराची पाहणी झाली आणि १९५४ मध्यें फेरपाहणी. मधल्या काळांत महायुद्ध, महागाई आणि स्वातंत्र्य हीं तीन्ही येऊन गेलीं होतीं. मुंबईंतही १९५५ नंतर डी. टी. लकडावाला यांच्या नेतृत्वाखालीं विद्यापीठानें शहरांतील कामधंदा व मिळकत यांचा मोठा अभ्यास केला.

अखिल देशाच्या पातळीवर मात्र सरकारनें उत्पन्नाऐवजीं खर्च मोजण्याची वाट धरली. १९५० मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनें त्या व पुढच्या दशकांत उत्पन्न विचारून पाहिलें. परंतु जमा म्हणून सांगितलेली रक्कम खर्च व शिल्लक यांच्या बेरजेहूनही कमी भरूं लागली, म्हणून तो नाद सुटला. २०२३-२४ च्या खर्च-पाहणींत शहरी भारतांतील दरडोई मासिक खर्चाची सरासरी ६,९९६ रुपये आली आहे. चार माणसांच्या घरास हाच दर लावला तर महिन्याचा खर्च अठ्ठावीस हजारांच्या जवळ जातो. ५९,००० रुपयांच्या वार्षिक मर्यादेशीं हा आंकडा ताडून पाहावा. जनगणनेंत तर उत्पन्नाचा प्रश्नच नसतो. अमेरिकेंत १९४० च्या जनगणनेपासून मजुरी व पगार विचारला जाऊं लागला, त्यामुळें तेथें लहान लहान मोहल्ल्यांचाही मध्यक काढतां येतो. आपल्या सांख्यिकी मंत्रालयानें २०२५ मध्यें घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी योजिल्याचें जाहीर केलें; पण देशव्यापी नमुन्यांत तुर्भ्याच्या वांट्यास मोजकींच घरें येणार. म्हणून तुर्भ्याचें काम तुर्भ्यांतच करावयास हवें.

तें कसें करावें? प्रथम सीमा आंखावी. महापालिकेचा प्रभाग, टपालाचा विभाग, रेल्वेचें स्थानक आणि लोकांच्या तोंडचें तुर्भें या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. नंतर वस्तीचे थर पाडावे : मूळ गांव, सेक्टरांतील इमारती, झोपडवस्ती, बाजाराभोंवतालच्या खोल्या. प्रत्येक थरांतील घरांची यादी करून तींतून चिठ्ठ्या टाकून घरें निवडावीं, व ज्या थरांत जितकीं घरें असतील त्या प्रमाणांत त्याला वजन द्यावें. रस्त्यालगतचीं, दार उघडें दिसणारीं घरें विचारीत सुटलें तर तो नमुना नव्हे. भाजीबाजारांत जाणारा मनुष्य पहाटेपूर्वींच घर सोडतो, आणि उंच इमारतीचा पहारेकरी पाहणी करणाऱ्यास आंत सोडीत नाहीं. श्रीमंतानें आंकडा लपविला तर मध्यक सांवरतो हें आपण पाहिलें. पण एका बाजूचीं घरेंच गळलीं तर रांग लहान होते आणि मधलें घर सरकतें. बंद दाराशीं तीन वेळां जाणें हा या शास्त्राचा अगदीं साधा व अगदीं दुर्लक्षित नियम आहे.

उत्पन्न नेमकें सांगण्यास लोक कचरतात, म्हणून गट ठेवावेत. समजा, २०० घरें पाहिलीं. दहा हजारांच्या आंत ३०, दहा ते वीस हजारांत ६०, वीस ते तीस हजारांत ५०, तीस ते पन्नास हजारांत ४० व त्यावर २० घरें निघालीं. शंभरावें घर शोधावयाचें आहे. पहिल्या दोन गटांत ९० घरें संपलीं. तिसऱ्या गटांत आणखी १० घरें पुढें जावयाचें. त्या गटांत ५० घरें दहा हजारांच्या अंतरांत सारखीं पसरलीं आहेत असें मानलें तर १० घरें म्हणजे अंतराचा पांचवा भाग, म्हणजे दोन हजार. मध्यक आला २२,००० रुपये.

परंतु येथें थांबणारा मनुष्य अर्धेंच सत्य सांगतो. दुसरीं २०० घरें निवडलीं असतीं तर आंकडा दुसरा आला असता. किती दुसरा, याचा एक सुटसुटीत अंदाज आहे. घरांच्या संख्येचें वर्गमूळ घ्यावें; २०० चें सुमारें १४. मधल्या जागेपासून तितक्या जागा मागें व तितक्या पुढें जावें. ८६ व्या घराचें उत्पन्न वरच्याच रीतीनें सुमारें १९,३०० येतें आणि ११४ व्या घराचें २४,८००. साऱ्या वस्तीचा खरा मध्यक या दोहोंच्या मध्यें असण्याचा संभव शंभरांत सुमारें पंचाण्णव. म्हणजे पांच वर्षांनीं पुन्हां २०० घरें पाहून मध्यक २४,००० आला तर ‘तुर्भें सुधारलें’ असें म्हणण्यास आधार नाहीं. तो फरक चिठ्ठ्यांचाही असूं शकेल. ही संदिग्धता निम्मी करावयाची तर घरें चौपट, म्हणजे ८०० घ्यावीं लागतील.

आतां काळाकडे वळूं. दोन वर्षांचीं उत्पन्नें शेजारीं मांडण्यापूर्वीं तीन फसगती टाळल्या पाहिजेत. पहिली किंमतींची. केंद्राच्या श्रम ब्यूरोचा औद्योगिक कामगारांसाठींचा ग्राहक किंमत निर्देशांक २००१ चा पाया सोडून २०१६ च्या पायावर आला, तेव्हां जुन्यास नव्याशीं जोडणारा गुणक २.८८ ठरला. स्थूलमानानें, २००१ मध्यें जें पांच हजारांत येत होतें त्याला २०१६ मध्यें १४,४०० लागले. एखाद्या घराची मिळकत पांच हजारांवरून पंधरा हजारांवर गेली तर तिप्पट झाल्याचा भास होतो. वस्तुतः ती शेंकडा चारांनीं वाढली. हा गुणक साऱ्या देशाचा आहे. तुर्भ्यांतील खोलीचें भाडें त्याच वेगानें चढलें असेलच असें नाहीं, म्हणून भाड्याचा हिशेब वेगळा पाहावा.

दुसरी फसगत सीमेची. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निराळा झाला. जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ तालुके वजा होतांच उरलेल्या ठाण्याचें दरडोई उत्पन्न कोणाच्याही मिळकतींत पैची भर न पडतां वाढलेलें दिसणार. जिल्ह्याचा आंकडा घेऊन तुर्भ्याविषयीं बोलणाऱ्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

तिसरी फसगत सर्वांत सूक्ष्म व सर्वांत गंभीर. पुन्हां आपल्या अकरा घरांच्या आळींत जाऊं. समजा, भाडें वाढल्यामुळें आठ व अकरा हजारांचीं दोन घरें आळी सोडून गेलीं, आणि त्यांच्या जागीं तीस व शेहेचाळीस हजारांचीं दोन बिऱ्हाडें आलीं. आतां रांग अशी : १२, १४, १६, १८, २१, २४, ३०, ३०, ४६, ४६, २४०. सहावें घर २४ हजारांचें. मध्यक १८ वरून २४ हजारांवर, तब्बल एकतृतीयांशानें वाढला. पण आळींत राहिलेल्या एकाही घराची मिळकत रुपयानेंही वाढलेली नाहीं, आणि जीं दोन घरें गेलीं त्यांचें काय झालें हें आपणांस ठाऊकच नाहीं! २००१ ते २०११ या दहा वर्षांत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारें ७ लक्ष ४ हजारांवरून ११ लक्ष २० हजारांवर गेली. अशा शहरांत ‘जागा सुधारली’ आणि ‘माणसें सुधारलीं’ हीं दोन विधानें एक समजणें ही मोठी चूक आहे.

तिच्यावर उपाय दोनच. जागेची पाहणी पुन्हां करावी, आणि तिच्याबरोबर पहिल्या पाहणींतील कुटुंबांचाही, तीं कोठेंही गेलीं असलीं तरी, माग काढावा. हें अशक्य नाहीं. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि मेरीलँड विद्यापीठ यांनीं २००४-०५ मध्यें भारतभर ४० हजारांहून अधिक कुटुंबांचें उत्पन्न विचारलें आणि २०११-१२ मध्यें त्यांतील बहुसंख्य कुटुंबांना पुन्हां गांठलें.

पाहणीच झाली नाहीं तेव्हांच्या वर्षांसाठीं काय करावें? अशा वेळीं आडवाटेचे पुरावे उपयोगीं पडतात. २०११ च्या जनगणनेंत घराच्या भिंती, छप्पर, नळ, शौचालय, दुचाकी, दूरचित्रवाणी, बँकेंतील खातें यांची नोंद आहे. नमुना पाहणींतून अशा वस्तू व खर्च यांचें नातें काढावयाचें, आणि तें नातें प्रभागाच्या यादीस लावून अंदाज बांधावयाचा. अशी एक मान्य रीत आहे. पण वस्तू खोटें बोलत नाहींत असें समजूं नये. दूरचित्रवाणीचा संच एके काळीं सुखवस्तूपणाची खूण होती. आज ती राहिलेली नाहीं. प्रत्येक काळाचें नातें त्या काळाच्या माहितींतूनच काढलें पाहिजे.

शेवटीं ज्या रेघेपासून आपण निघालों तिच्याकडे परत येऊं. ५९,००० ची मर्यादा ठरल्यानंतरच्या दहा वर्षांत किंमती दीडपटीहून अधिक वाढल्या. रेघ कागदावर स्थिर असते. घरें मात्र महागाईच्या रेट्यानें, खरी भर न पडतां, तिच्या वर ढकललीं जातात. मग धान्य किंवा फीमाफी गमवावी, नाहीं तर दाखल्यावर कमी उत्पन्न लिहून घ्यावें, असा पेंच गरिबापुढें पडतो. एकदां दाखल्यावर कमी लिहिलें कीं पाहणी करणाऱ्यासही तेंच सांगणें भाग पडतें. हा आंकडा लपविणारा मनुष्य आळींतील व्यापारी नव्हे. तो मधल्या घराच्या आसपासचा आहे, आणि तेथील असत्यापासून मध्यकाचेंही रक्षण होत नाहीं. येणेंप्रमाणें चुकीच्या रेघेनें माहिती बिघडते, आणि बिघडलेल्या माहितीवर पुढची रेघ ओढली जाते.

हें चक्र तोडावयाचें तर पाहणी करणाराचा दाखल्याशीं व शिधापत्रिकेशीं कसलाही संबंध नसावा, आणि तसें लोकांस स्पष्ट सांगितलेलें असावें. जवळपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं, एका जाणत्या संख्याशास्त्रज्ञाच्या देखरेखीखालीं, दर पांच वर्षांनीं, त्याच सीमेंत, त्याच व्याख्यांनीं, सातआठशें घरें पाहावीं. उत्तर एका आंकड्यानें न देतां दोन आंकड्यांच्या दरम्यान द्यावें. आणि तें चावडीवर व प्रभाग कचेरींत सर्वांना वाचतां येईल असें लावावें. खर्च फार नाहीं. सातत्य मात्र हवें. तसें झालें तर आणखी दहा वर्षांनीं तुर्भ्यांतील कोणीं माय आपल्या मुलाच्या फीमाफीसाठीं कचेरींत जाईल, तेव्हां तिच्यापुढील मर्यादा वस्तींतील मधल्या घराचें उत्पन्न पाहून ठरविलेली असेल, आणि आपलें खरें उत्पन्न सांगण्याचें भय तिला वाटणार नाहीं.